रेडिएटरमागची भिंत

ब्रिटनमधल्या सर्वसाधारण कुटुंबाचा वीज-गॅसचा वार्षिक खर्च २०२१-२२च्या हिवाळ्यात, नियामकाने ठरवलेल्या कमाल दरानुसार, १,२७७ पौंड धरला जात होता. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, गॅस आणखी कडाडला आणि ऑक्टोबरात सरकारने तिजोरीतून भर घालूनही तोच आकडा २,५०० पौंडांवर गेला. त्या देशात शिकायला, नोकरीला गेलेली आपली मुले-मुली ही बिले भरतात. तेव्हापासून तिथे जे किरकोळ उपाय घरोघर चर्चेत आले, त्यांतला एक म्हणजे रेडिएटरमागे चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद लावणे.

आपल्याकडे रेडिएटर मोटारीत असतो. तिथे तो भिंतीवर असतो. गरम पाणी खेळवणारी ही पोलादी पेटी बहुधा खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला लागून बसवतात. खिडकीतून उतरणारा गारठा तिथेच अडावा, हा हेतू. पण त्यामुळे घरातली सर्वांत तापलेली वस्तू सर्वांत थंड भिंतीला पाठ लावून बसते. बाहेर ५ अंश आणि खोलीत २० अंश असतील, तर तफावत १५ची. रेडिएटरमागची भिंत ४० अंशांपर्यंत तापली, की तीच तफावत ३५ होते. तेवढ्या तुकड्यातून दुपटीहून अधिक उष्णता रस्त्यावर जाते, आणि तिचेही बिल येतेच. चकचकीत कागद भिंतीकडे जाणारे किरण परत फिरवतो. मात्र कागद व रेडिएटर यांच्यामध्ये हवेची फट हवी.

हा उपाय सगळीकडे सारखा लागू पडत नाही. साधारण १९२०च्या आधीची बरीच ब्रिटिश घरे भरीव विटांच्या भिंतींची आहेत. पुढच्या काळात मध्ये पोकळी ठेवून दुहेरी भिंती बांधू लागले. त्या मानाने भरीव भिंतीतून सुमारे दुप्पट उष्णता जाते. कागदाचा खरा उपयोग या भरीव भिंतींनाच. ओळखायची खूण सोपी आहे : बाहेरून विटांची लांब आणि आखूड बाजू आलटून-पालटून दिसत असेल, तर भिंत बहुधा भरीव. पोकळीत उष्णतारोधक भरलेल्या भिंतीवर कागद लावून विशेष काही हाती लागत नाही.

मग मूळ भिंतच का सुधारत नाहीत? माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला इथे हिशेबाची खोच दिसते. भिंतीला आवरण घालायला हजारो पौंड लागतात. भिंत घरमालकाची, बिल भाडेकरूचे. खर्च एकाच्या खात्यावर आणि बचत दुसऱ्याच्या, अशा व्यवहारात पैसे घालायला कोण पुढे येणार?

अशा वेळी सरकारने पुढे यावे, आणि ते आलेही. सप्टेंबर २०२०मध्ये ६ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवून अनुदान योजना निघाली. मार्च २०२१मध्ये ती गुंडाळली गेली, तेव्हा तिच्या हिशेबात पन्नास हजार घरेही भरली नाहीत. नंतरच्या योजनांचे काय झाले, ते तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये सांगितले : बाहेरून आवरण घातलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष होते. त्यातून ओल आणि बुरशीचा धोका. कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठायचे आणि नंतरची पाहणी करायची नाही, यातून काय होते, हे आपल्याकडच्या बँकांना नव्याने सांगायला नको.

यात पैशांपेक्षा विश्वास अधिक बुडाला. ज्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऊब हवी होती, तिथे भिंतीला बुरशी आली असेल, तर पुढच्या चांगल्या योजनेलाही ते दार उघडणार नाहीत. चंदेरी कागदाने देशाचा प्रश्न सुटत नाही. पण तो काही पौंडांत येतो, भाडेकरूला स्वतः लावता येतो आणि नीट लागला की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. मोठ्या योजनांमध्ये हे पाहण्याचे काम कोणी करायचे, हे आधी ठरले पाहिजे. अनुदानाचा आकडा त्यानंतर.