उभयान्वयी : एका संज्ञेचा अन्वय

‘उभयान्वयी अव्यय’ ही संज्ञा बोजड असून तिच्याऐवजी ‘जोडशब्द’ म्हणावे, अशी सूचना अधूनमधून केली जाते. नोकरी व संसार सांभाळून अभ्यास करणाऱ्या तुम्हांला ती पटणे स्वाभाविक आहे. माझे मत मात्र वेगळे आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘उभय’ म्हणजे दोन्ही. ‘अन्वय’ हा शब्द ‘अनु’ हा उपसर्ग आणि ‘इ’ (जाणे) हा धातू यांपासून सिद्ध होतो. मागोमाग जाणे हा त्याचा मूळ अर्थ. शास्त्रात तो पदांच्या परस्परसंबंधासाठी रूढ झाला. दोहोंशी अन्वय असणारे ते उभयान्वयी.

यास्काने पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार वर्ग मानले. त्यांत ‘च’, ‘वा’ हे निपात ठरतात. मराठीत या शब्दांची स्वतंत्र जात मानण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी व्याकरणाच्या प्रभावाखाली रुजली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६चे. इंग्रजी ‘कंजंक्शन’च्या मुळाशी असलेला जोडणे या अर्थाचा लॅटिन धातू संस्कृत ‘युज्’ धातूचा सगोत्र आहे. गंमत अशी, की ‘युज्’पासून झालेला ‘योग’ मराठीत ‘शब्दयोगी’ या दुसऱ्याच संज्ञेत आढळतो.

‘जोडशब्द’ ही संज्ञा दोन कारणांनी अपुरी आहे. एक, ती ‘चहापाणी’, ‘धुणीभांडी’ अशा शब्दांसाठी आधीच वापरात आहे. दुसरे, ‘पण’ विरोध दाखवतो, ‘किंवा’ विकल्प. तेथे केवळ जोड नसते, विशिष्ट अन्वय असतो.

‘उभय’ म्हणजे दोनच, मग ‘राम, श्याम आणि गोपाळ’ येथे काय, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. परंतु संज्ञेचे मर्म संख्येत नसून अन्वयात आहे.

याचा लाभ प्रत्यक्ष पाहा. ‘पाऊस आला म्हणून खेळ थांबला’ येथे ‘म्हणून’ दोन वाक्ये सांधतो. ‘येतो म्हणून तो गेला’ येथे तेच ‘म्हण’ धातूचे रूप आहे. ‘गेलो, पण भेट झाली नाही’ यातील ‘पण’ उभयान्वयी. ‘मी पण येतो’ यातील नव्हे. पाठ केलेली यादी येथे हात देत नाही. शब्दाची जात वाक्यातील कार्यावरून ठरते, आणि ते कार्य ओळखण्याची कसोटी या संज्ञेच्या नावातच दिलेली आहे. म्हणून संज्ञा बदलण्यापूर्वी तिची फोड करून पाहा.