अजून चारशे मीटर द्या!

अमरावती-अकोल्याकडं कुठल्याही टपरीवर विमानतळाचा विषय काढा, पाच मिनिटांत एकच प्रश्न येतो: धावपट्टी किती मीटर? बेलोऱ्याची 1,850 झाली, 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं, झकास. अकोल्याचं शिवणी 1943 सालचं, पट्टी आखूड, त्यावर वर्षानुवर्षं गाऱ्हाणं. गाऱ्हाणं खरंच आहे, एटीआर उतरवायचं तर लांबी लागतेच. पण "लांब म्हणजे सुरक्षित" हे जे त्याला चिकटवतात ना, ते मला अजिबात पटत नाही.

चार आसनी सेसना 172 घ्या. पन्नास फुटांवरून येऊन थांबेपर्यंत कागदावर साधारण 400 मीटर. (कोरडी डांबरी पट्टी, वारा शून्य. म्हणजे आपल्याकडं कधीच नाही!) आता ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचे गुणक लावा. ओलं गवत 1.35. वेग दहा टक्के जास्त, 1.2. उतरण्याच्या वेगाच्या दहा टक्के वारा मागून, अजून 1.2. झाले जवळपास 780 मीटर! ब्रेक शाबूत, इंजिन शाबूत, आणि 600 मीटरची गवताची पट्टी संपवून विमान तुरीच्या शेतात. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? 'ब्रेक निकामी'.

अहो, वेग वैमानिकाच्या हातात होता. वारा मागून होता तर दुसऱ्या टोकाकडून यायचं होतं. आणि काहीच जमत नव्हतं तर पुन्हा वर जायचं होतं.

बरं, लांब पट्टीचं काय? कोळिकोड, 7 ऑगस्ट 2020. पट्टी 2,700 मीटर. पाऊस, मागून वारा, आणि बोइंग टेकलं तेव्हा निम्मी पट्टी मागे गेलेली. 21 माणसं गेली. चौकशी अहवाल सांगतो, सहवैमानिकानं 'गो अराउंड' म्हटलं होतं, तरी उतरणं चालूच राहिलं. तिथं अजून किती मीटर द्यायचे होते?

आपल्याकडं परत वर जाणं म्हणजे नामुष्की. प्रवासी कुरकुरतात, चॅनेलवाले 'थोडक्यात बचावले' म्हणून बोंबलतात. बेलोऱ्याला वैमानिक प्रशिक्षण केंद्र उभारायचं एअर इंडियानं 2024 मध्ये जाहीर केलं, वर्षाला 180 पोरं. त्यांना पहिल्या आठवड्यात हे बिनलाजेपण शिकवा.

आणि मीटर हवेतच ना? मग पट्टीच्या टोकापलीकडच्या मोकळ्या जमिनीचे मागा. मोठ्या विमानांसाठी आंतरराष्ट्रीय नियम किमान 90 सांगतो, शिफारस 240 ची आहे. पण त्या मातीवर भूमिपूजनाचा नारळ कोण फोडणार?