वकिली आणि देवघर

एका वाचक-गृहस्थांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या चिरंजीवांस यंदा वकिलीची सनद मिळाली. पहिलें काम आलें तें चोरीच्या आरोपीचें. आणि घरांतील आजीबाईंनीं त्या फीच्या पैशांतून देवास नैवेद्य करण्याचें साफ नाकारलें. मुलगा कामावर जातो, परंतु जेवतांना मान वर करीत नाहीं, असें गृहस्थ लिहितात.

आजीबाईंच्या निष्ठेविषयीं आम्हांस आदरच आहे. मात्र पाप त्यांनीं भलत्याच कोपऱ्यांत शोधलें.

न्याय आणि धर्म हे शब्द जोडीनें उच्चारले कीं आपल्या ओठांवर रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव येतें. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या प्रकरणीं राघोबादादांस दोषी ठरवून शास्त्रीबुवा न्यायासन सोडून पुण्याबाहेर गेले. तो पुरुष वंदनीय खरा. परंतु वकिलास तो कित्ता जसाच्या तसा गिरवितां येत नाहीं. शास्त्रीबुवांस अशील नव्हता. वकिलाच्या शेजारीं एक भ्यालेला मनुष्य बसलेला असतो, आणि हा उठून गेला तर त्याच्या वतीनें बोलावयास कोणी उरत नाहीं.

म्हणूनच आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत, आरोपी दोषी आहे असें वकिलास स्वतःस वाटलें तरी त्याचा बचाव करावा, असें सांगितलें आहे. कारण पुरेशा पुराव्यावांचून कोणासही शिक्षा होऊं नये, अशी कायद्याची अपेक्षा आहे. 'पुरावा अपुरा आहे' असें म्हणणें म्हणजे 'यानें चोरी केली नाहीं' असें म्हणणें नव्हे. अशिलानें विश्वासानें सांगितलेलें गुपित उघड करण्याचीहि वकिलास मोकळीक नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ही मनाई होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या नव्या कायद्यांतहि ती आहे. तेव्हां त्या फीचा नैवेद्य देवास खुशाल दाखवावा.

आजीबाईंनीं नातवास विचारावयाचें तें निराळेंच. साक्षीदार पढविला काय? प्रतिज्ञापत्रांत खोटें घातलें काय? अडचणीचा कागद दडपला काय? तारखांवर तारखा मागून गरीब प्रतिपक्षास दमविलें काय? ईश्वराची शपथ साक्षीदार घेतो. त्यास पढवून आणणारा बाजूस कोरडा उभा असतो, ही गंमत आम्हांस नेहमींच खटकत आली आहे. मनूनें आठव्या अध्यायांत सभेमध्यें खोटें बोलणाराबरोबर मौन धरणारासहि दोषी धरलें आहे. त्या मौनाचीच एक हकीगत गांधीजींच्या आत्मचरित्रांत आहे.

दक्षिण आफ्रिकेंत त्यांच्याकडे हिशेबाचा एक मोठा दावा होता. तो पंचांकडे सोपविला गेला आणि निवाडा सर्वस्वीं त्यांच्या अशिलाच्या बाजूनें झाला. परंतु आंकडेमोड करतांना पंचांकडून नजरचूक झाली: नांवें पडावयाची एक रक्कम जमेस लागली. प्रतिपक्षानें निवाड्यास हरकत घेतली होती ती दुसऱ्याच कारणांवर. ज्येष्ठ वकिलाचें म्हणणें, अशिलास बाधक अशी गोष्ट कबूल करण्यास कोणताहि वकील बांधलेला नाहीं. चूक उघड केली तर न्यायालय सगळाच निवाडा रद्द करील. हा ज्येष्ठ कांहीं दुष्ट मनुष्य नव्हता. धंद्यांतील शहाणपण तो सांगत होता. गांधीजी कनिष्ठ वकील होते. चूक कबूल केलीच पाहिजे, असा त्यांनीं आग्रह धरला. तसें असेल तर मी काम चालविणार नाहीं, असें ज्येष्ठानें सांगितलें. अशिलानें मात्र क्षणभर विचार करून गांधीजींसच उभें राहण्यास सांगितलें.

या हकीगतींत आम्हांस अशिलाचें कौतुक अधिक वाटतें. वकिलाचें फार तर नांव जाणार होतें. बुडणार होता तो याचा पैसा.

न्यायालयांत प्रथम विपरीतच घडलें. चूक सांगतांच ही कांहीं लबाडी असावी, असा एका न्यायाधीशांस संशय आला. ज्यानें खरें बोलण्यासाठीं एवढा धोका पत्करला, त्यावरच लबाडीचा आळ! गांधीजींनीं सर्व हिशेब शांतपणें उलगडून दाखविला. शेवटीं न्यायालयानें चूक दुरुस्त केली आणि निवाडा कायम ठेविला.

पुढें जोहान्सबर्ग येथें एका कामांत, अशिलानें आपणांस फसविलें असें भर न्यायालयांत ध्यानांत येतांच, त्यांनीं स्वतःच मॅजिस्ट्रेटास दावा काढून टाकण्याची विनंति केली. अशा वकिलाचा धंदा बसला असेल, असें कोणास वाटेल. तो बसला नाहीं. फक्त कांहीं व्यवहारी अशील आपले स्वच्छ दावे तेवढे गांधीजींकडे आणीत, आणि संशयाचे दुसऱ्या वकिलाकडे नेत, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे.