मापात पाप

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी बघून घ्यावं. विषयाचं मात्र माझं मी बघते. "ब्रेसियरच्या मापावर लिहिणार" म्हटल्यावर मॅगझिन कमिटीतला एक मुलगा दचकून म्हणाला, "अगं, सर लोकपण वाचतात!" वाचू देत की. सरांच्या घरीही बायका-मुली आहेतच.

तर मंडळी, आपण इंजिनिअर होणार. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये व्हर्निअर हातात मिळाला, लीस्ट काउंट ०.०२ मिमी. जॉब अर्धा मिलिमीटर चुकला की पुन्हा फाइल घासत बसा. आणि त्याच वर्कशॉपमध्ये, खाकी एप्रनच्या आत, मी तब्बल दोन इंच चुकीचं माप घालून उभी होते. दोन इंच म्हणजे पन्नास मिलिमीटर!

हे झालं कसं? आठवीत आई मला बाजारात घेऊन गेली. दुकानातल्या काकांना हळूच म्हणाली, "हिच्यासाठी दाखवा." काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या चपलांकडे. खोका उघडला, वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळली, दोन मिनिटांत विषय संपला. पुढे आईने सरळ हिशेब लावला : ब्लाउज चौतीसचा, म्हणजे हेही चौतीसच. कितीतरी घरांत हाच हिशेब चालतो. पण शिंप्याचं ३४ म्हणजे भर छातीवरून घेतलेला घेर, आणि ब्रेसियरवरचं ३४ म्हणजे छातीखालच्या पट्ट्याचं माप. दोन वेगळ्या डायमेन्शन्स! ड्रॉइंगमध्ये असा घोळ घातला असता तर शीट परत आलं असतं. शाळेत सिस्टर युनिफॉर्मखाली स्लिप आहे की नाही ते रोज तपासायच्या. पण त्याच्या आतलं माप कसं घ्यायचं, हे शाळेच्या बारा वर्षांत कोणी सांगितलं नाही.

पट्टा सैल, म्हणून तो पाठीवर वर चढायचा. मग मी खांद्यावरच्या पट्ट्या आवळायचे. संध्याकाळी खांद्यावर लाल वळ. खरं तर भार मुख्यतः खालच्या पट्ट्याने घ्यायचा असतो, खांद्यांनी नाही. म्हणजे लोड भलत्याच मेंबरवर पडत होता. पळताना सारखं सावरावं लागतं म्हणून सेकंड इयरला थ्रोबॉलच्या टीममधून नाव काढून घेतलं. कारण सांगितलं, "सबमिशन आहे." याची लाज मला आजही वाटते, मापाची नाही.

शेवटी पीएलमध्ये रूममेटने मला पकडलं. टेप कुठून आणणार? सलवारची सुती नाडी काढली, बॉलपेनने खूण केली आणि ड्रॉइंगच्या पट्टीवर मोजलं. तुम्हीही करा, दहा मिनिटांचं काम आहे. नाडी ताणणारी नको एवढंच बघा. पहिलं माप छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, नाडी घट्ट पण न रुतणारी. दुसरं भर छातीवरून, सैलसर, अंगात जाड पॅडवालं काही न घालता. दोन्ही वेळा नाडी पाठीवर आडवी सरळ आहे का, हे दुसऱ्या कोणीतरी किंवा आरशात बघायचं, कारण मागे ती हमखास घसरते. पाळीच्या आधी छाती भरून येते, म्हणून माप पाळी संपल्यावर घ्यावं.

माझं निघालं साडेएकतीस आणि चौतीस. पट्ट्याची मापं दोन-दोन इंचांनी येतात, म्हणून साडेएकतीसचे बत्तीस. मग वजाबाकी : फरक एक इंच तर ए, दोन तर बी, तीन तर सी, चार तर डी. म्हणजे मी ३२बी. इतकी वर्षं घालत होते ३४बी! आणि इथे खरी गंमत आहे. बी म्हणजे बी, असं नसतं. पट्टा मोठा झाला की त्याच अक्षराचा कपही मोठा होतो. ३४बीचा कप ३२सीएवढा असतो. म्हणूनच माझा पट्टाही सैल होता आणि कपही पोकळ. ३२बीचा पट्टा घट्ट वाटला तर ३४ए बघायची, सैल वाटला तर ३०सी. कप तेवढाच राहतो.

काही कंपन्या खालच्या मापात चार-पाच इंच मिळवायला सांगतात, त्यामुळे ऑनलाइन मागवताना त्या त्या कंपनीचा तक्ता बघावाच लागतो. आकडा हे फक्त पहिलं अॅप्रॉक्सिमेशन. टेस्टिंग अंगावरच. नवी असताना सगळ्यात बाहेरच्या हूकवर ती नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे सैल पडतं आणि आतले हूक तेव्हासाठी असतात. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, हात वर केले तरी पट्टा वर सरकू नये.

आता थोडं रेक्टर मॅडमसाठी. कॉमन रूममध्ये फर्स्ट एड बॉक्स आहे, त्यात एक इंचटेप ठेवा ना. आणि आतले कपडे गॅलरीच्या दोरीवर नकोत, हा नियम काढाच. आम्ही ते खोलीत ओढणीखाली वाळवतो, म्हणजे वाळतच नाहीत; दमट घालून घामोळं आणि खाज. पुरुषांचे बनियन उन्हात दिमाखात वाळतात ते चालतं, मग आमच्याच कपड्यांनी कोणाचं काय घोडं मारलं आहे?

दिवाळीत घरी गेल्यावर त्याच दुकानात गेले, आईला घेऊन. "३२बी दाखवा," मी म्हटलं, जरा जास्तच मोठ्याने. आई लगेच दुसऱ्या काउंटरवरचे रुमाल बघायला लागली. काकांनी मान वर न करता खोका काढला आणि विचारलं, "पांढरी की स्किन?" बस्स, एवढंच. आणि मी त्या प्रश्नाला सात वर्षं घाबरत होते!

रात्री भांडी आवरून झाल्यावर आई माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि म्हणाली, "ती तुझी नाडी कुठाय गं? माझं बघ जरा."