दिघीत माल वाढेल, पण बाहेर कुठून जाईल?

राजपुरी खाडीच्या अलीकडे मुरुडचं आगरदांडा, पलीकडे दिघी. 2016 च्या कायद्याने ही खाडी राष्ट्रीय जलमार्ग झाली. 2021 मध्ये अदानी पोर्ट्सने 705 कोटींना दिघी बंदर घेतलं. जेएनपीटीला पर्याय उभा करायचा, असा बेत आहे.

बंदरात कोंडी होते ती बहुतेक वेळा उतरलेला माल वेळेत उचलला जात नाही म्हणून. दिघीला रेल्वे अजून पोहोचलेली नाही. म्हणजे माल वाढला की ट्रेलर आपल्याच अरुंद रस्त्यांवर येणार आणि थांबलेले बार्ज होड्यांच्या वाटेत.

पोरांना रोजगार हवाच. पण ग्रामसभेत दोन गोष्टी लेखी मागा: आधी रेल्वे-रस्ता, आणि मच्छीमारांसाठी खाडीत मोकळी वाट.