वाण आणि गुण

वार्षिक परीक्षेचे निकाल लागले की शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत आणि घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : 'त्याच्यात मुळातच ते नाही.' बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. परंतु या चार शब्दांत एका मुलाच्या भवितव्याचा निकाल दिलेला असतो, आणि तोही अपिलाची सोय नसलेला. जे मुळात असते ते बदलत नाही. जे बदलत नाही त्यासाठी श्रम करणे व्यर्थ. आणि जे व्यर्थ आहे त्याची जबाबदारी कोणावरच नाही, अशी तर्कपरंपरा त्यामागे उभी असते. या साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे, हे विज्ञानाने केव्हाच दाखवून दिले आहे. आपल्या शाळांपर्यंत आणि घरांपर्यंत ते अद्याप पोहोचलेले मात्र दिसत नाही.

आनुवंशिकता थोर की परिस्थिती, हा वाद जुना आहे. आपली भाषा त्यात दोन्ही बाजूंनी बोलते. 'खाण तशी माती' म्हणणारी मराठी 'ढवळ्याशेजारी बांधला पोवळा, वाण नाही पण गुण लागला' असेही सांगते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७४ साली निसर्ग आणि संगोपन ही जोडी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच घातली, आणि या दोन शक्तींची जणू रस्सीखेच चालू आहे, असे चित्र लोकांच्या मनात ठसले. मग किती टक्के वाण आणि किती टक्के गुण, एवढेच विचारायचे उरले. वस्तुतः हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. भाकरी पिठामुळे किती टक्के झाली आणि विस्तवामुळे किती टक्के, असे कोणी सुगरणीला विचारीत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण वैद्यकाने दिले आहे. नॉर्वेतील वैद्य आस्ब्यर्न फ्यॉलिंग यांच्याकडे १९३४ साली एका मातेने बौद्धिक वाढ खुंटलेली आपली दोन मुले आणली. त्यांच्या अंगाला येणाऱ्या चमत्कारिक वासाचा उलगडा करताना फ्यॉलिंग यांना एका नव्या विकाराचा शोध लागला. फिनाइलकीटोन्यूरिया या नावाने तो आज ओळखला जातो. आई आणि वडील या दोघांकडूनही एका विशिष्ट जनुकाची सदोष प्रत आली, की अन्नातील फिनाइलअलानिन या घटकाचे शरीरात रूपांतर होत नाही; तो रक्तात साचतो आणि वाढत्या मेंदूची हानी करतो. याहून अस्सल आनुवंशिक दोष शोधूनही सापडणार नाही. तरीही १९५०च्या दशकाच्या आरंभी बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा घटक अत्यल्प असलेला आहार एका लहान मुलीला दिला आणि तिच्यात सुधारणा दिसू लागली. पुढे अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी अर्भकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर करता येणारी स्वस्त चाचणी तयार केली. जन्मानंतर लवकर निदान झाले आणि पथ्य काटेकोर सांभाळले, तर असे मूल आज इतर मुलांसारखे शिकू शकते. जनुक तेच राहते. बदलते ते ताट. आपल्या देशात ही चाचणी अजून प्रत्येक नवजात अर्भकाच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे एखाद्या मुलाचा मेंदू खुंटला, तर दोष जनुकाचा म्हणावा की व्यवस्थेचा?

एका विकारावरून सर्वसाधारण गुणांविषयी अनुमान काढणे योग्य नाही, असा आक्षेप कोणी घेईल. म्हणून उंचीचे उदाहरण घेऊ. सुस्थितीतील समाजांत माणसामाणसांतील उंचीच्या फरकापैकी सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो, असे जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसते. मग उंची ठरलेलीच म्हणावयाची काय? दक्षिण कोरियात १९९६ साली जन्मलेल्या स्त्रिया १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा सरासरीने सुमारे २० सेंटिमीटर उंच भरल्या, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत आढळले. शंभर वर्षांत, म्हणजे चार-पाच पिढ्यांत, एखाद्या राष्ट्राची जनुके एवढी पालटत नाहीत. पालटले ते अन्न, पाणी, औषधपाणी आणि मातांचे आरोग्य.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७० साली बियाण्याच्या दृष्टांताने समजावले होते. तो आपल्या मातीत आणून पाहू. मिश्र बियाण्याच्या एकाच पोत्यातून दोन मुठी घ्याव्यात; एक काळ्या कसदार रानात पेरावी, दुसरी मुरमाड माळावर. प्रत्येक रानातली ताटे एकमेकांपेक्षा लहानमोठी झाली, तर तो फरक बियाण्याचा. कारण त्या रानात माती आणि पाणी सर्वांना सारखेच होते. परंतु दोन रानांमधला फरक मात्र सर्वस्वी जमिनीचा. आनुवंशिकतेचा टक्का हा एका विशिष्ट परिस्थितीतील फरकांचा हिशेब असतो. माळावरचे ताट खुजे राहिले म्हणून बियाण्याला दोष देणारा शेतकरी आपण शहाणा समजणार नाही. शाळेत मात्र आपण नेमके तेच करतो.

एरिक टर्कहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांच्या बुद्ध्यंकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुखवस्तू घरांतील मुलांमधला फरक मुख्यत्वे आनुवंशिक आढळला. अत्यंत गरीब घरांत मात्र आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ शून्यावर आला. युरोपातील नंतरच्या अभ्यासांत ही तफावत आढळली नाही, हेही सांगितले पाहिजे. शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक सुरक्षितता तेथे गरिबांनाही बऱ्याच अंशी मिळते, हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी सुचविले आहे. म्हणजेच वाण प्रकट होण्यासाठीसुद्धा आधी पोटभर अन्न आणि बरी शाळा लागते.

'मधुमेह आमच्या घराण्यातच आहे' हे वाक्यही आपल्याकडे असेच सहज उच्चारले जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि बालकांचा अभ्यास १९९३ पासून चालविला. तेथील अर्भकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. परंतु या हडकुळ्या दिसणाऱ्या बालकांच्या अंगी स्नायूंच्या मानाने चरबी अधिक होती. पुढील आयुष्यातील मधुमेहाची पूर्वतयारी मातेच्या उदरातच, तिच्या पोषणाशी निगडित अशी सुरू होत असावी, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. घराण्यातून येते ते केवळ जनुकांमधून येत नाही. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या सुनेच्या पानातूनही ते येते.

'मुळातच' या शब्दाने इतिहासात केलेला अनर्थ विसरता येणार नाही. सुप्रजननाच्या नावाखाली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. जर्मनीत १९३३ च्या कायद्यानुसार सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. त्याच सुमारास, १९२०च्या दशकाच्या अखेरीस, आपल्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली मानवी कवट्या मोजत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे, हे गुरूला हवे असलेले उत्तर होते. मापांतून ते निघाले नाही, आणि बाईंनी तसे आपल्या प्रबंधात स्पष्ट लिहिले. जातीवरून कुवत ओळखणाऱ्या आपल्या समाजाने या प्रामाणिकपणाचे स्मरण ठेवावे.

याचा अर्थ सारे काही परिस्थितीवर लोटावे, असा नव्हे. तो अतिरेकही तितकाच निर्दय ठरला आहे. मूल आत्ममग्न झाले ते आईच्या शीतलतेमुळे, असे एके काळी पाश्चात्त्य मानसोपचारात उघड सांगितले जाई आणि असंख्य मातांनी तो कलंक मुकाट्याने सोसला. जुळ्यांवरील १९७७ च्या अभ्यासाने या विकारामागे आनुवंशिकतेचा मोठा भाग असल्याचे दाखविले, तेव्हा कुठे त्या मातांची सुटका होऊ लागली. जनुकांचे ज्ञान दोषारोपातून सोडविणारे असू शकते; मात्र त्याचा उपयोग निकालपत्रासारखा होता कामा नये.

आज हे निकालपत्र बाजारातही विकत मिळते. बोटांच्या ठशांवरून मुलाची उपजत बुद्धी सांगणाऱ्या चाचण्या आपल्या शहरांत चालतात आणि पालक त्यासाठी पदरमोड करतात. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली जाहीर केले आहे. गंमत अशी की, जनुके एकसारखी असलेल्या जुळ्यांचेही ठसे भिन्न असतात, कारण गर्भाशयातील लहानसहान परिस्थितीही ते घडवीत असते. उपजततेचा पुरावा म्हणून जे दाखविले जाते, तेच वाण आणि गुण यांच्या संयोगाची साक्ष देते.

शिक्षकांकडून अपेक्षा आहे ती एवढीच. एखादे मूल मागे पडले, तर त्याला फळ्यावरचे नीट दिसते काय, ऐकू येते काय, सकाळी ते काही खाऊन आले आहे काय, घरी त्याला अभ्यासाला जागा आणि दिवा आहे काय, हे आधी पाहावे. सर्व मुले समान उंचीची होणार नाहीत आणि व्हावीत असेही नाही. परंतु या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत 'त्याच्यात मुळातच ते नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.