पीएचडी करून काय दिवे लावणार?

हा सवाल २०२३ च्या नागपूर अधिवेशनात झाला होता, आठवत असेल. खूप गदारोळ झाला, मग सगळे विसरले. मला मात्र तो ऐकला की बॉनी बॅसलर आठवतात. या बाईंचं अख्खं करिअरच 'दिवे लावणाऱ्या' जिवाणूंवर उभं आहे.

बॅसलर १९९४ पासून अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात आहेत. त्यांचा विषय समुद्रातले चमकणारे जिवाणू. हे एकटेदुकटे असताना चमकत नाहीत. गर्दी झाली की सगळे एकदम उजळतात. कसं? प्रत्येक जिवाणू एक रेणू बाहेर सोडतो. संख्या वाढली की आजूबाजूला त्या रेणूंचं प्रमाण वाढतं, आणि 'आता आपण पुरेसे जमलो' हे त्यांना समजतं. ग्रामसभेचा कोरम भरावा तसंच. शास्त्रीय नावही 'कोरम सेन्सिंग'च आहे.

१९७० मध्ये नीलसन आणि हेस्टिंग्ज यांनी याचा पहिला शोध लावला, तेव्हा अनेकांना ही समुद्रातली एक गंमत वाटली. बॅसलर यांच्या कामातून कळलं की जिवाणू फक्त आपल्या जातभाईंशी नाही, तर दुसऱ्या जातींशीही असा संवाद साधतात. कॉलऱ्याचा जिवाणूसुद्धा! संख्या कमी असताना तो आतड्याला चिकटून रोग माजवतो आणि गर्दी झाली की पकड सोडून बाहेर पडतो.

मग त्याला 'गर्दी झाली' असा खोटा निरोप आधीच दिला तर? अँटिबायोटिकं निकामी होत चाललेल्या काळात हा विचार फार मोलाचा आहे. जिवाणूंना मारायचं नाही, त्यांचं संगनमत मोडायचं. औषध अजून बाजारात आलेलं नाही. पण समुद्रातल्या उजेडामागे कुणी लागलंच नसतं, तर हा रस्ता दिसला तरी असता का?

आपण संशोधनावर जीडीपीच्या एक टक्काही खर्च करत नाही. फेलोशिप वेळेवर मिळावी म्हणून पोरांना आंदोलनं करावी लागतात. जनतेच्या पैशाचा हिशोब जरूर मागा. काम नीट चाललंय का, प्रयोग खरे आहेत का, हे तपासा. पण पहिल्याच वर्षी 'उपयोग काय' म्हणून खडसावलं, तर पोरं सोपे, सुरक्षित विषय घेतील आणि प्रबंध कपाटात पडतील. दिवे लागायला हवे असतील तर तेलाला पैसे द्यावे लागतात, आणि थोडी वाटही बघावी लागते.